विश्लेषण : दोन नावांचे एक गाव… शिरड शहापूरचा इतिहास नेमका कुठे लिहिला आहे?

औंढा नागनाथहून वसमतकडे निघाले की वाटेत शिरड शहापूर लागते. जैन भाविकांना हे गाव मल्लिनाथांच्या मंदिरामुळे माहीत आहे. शेतकऱ्यांच्या लेखी ते हळदीच्या पट्ट्यातले बाजाराचे गाव. बाकीच्यांसाठी तो बसचा एक थांबा. या गावाला किल्ला नाही, इथे मोठी लढाई झाल्याचे शाळेच्या पुस्तकात नाही. मग अशा गावाला इतिहास असतो का? असतो, आणि गेल्या काही वर्षांत मराठवाड्यातल्या गावांचा जुना कागद थेट तहसीलच्या खिडकीपर्यंत पोहोचला आहे. म्हणूनच हा इतिहास कुठे आणि कोणत्या लिपीत आहे, हे समजून घेणे गरजेचे ठरते.

शिरड शहापूर कुठे आहे?

हिंगोली जिल्ह्यातील पाच तालुक्यांपैकी औंढा नागनाथ तालुक्यात. उत्तरेला औंढ्याचे नागनाथ मंदिर, दक्षिणेला वसमतची बाजारपेठ आणि त्यापुढे नांदेड हे मोठे शहर. गावाचे दैनंदिन व्यवहार या रेषेवर चालतात. तहसीलचे काम औंढ्याला, जिल्ह्याचे हिंगोलीला, शेतमाल वसमतला आणि मोठा दवाखाना किंवा महाविद्यालय म्हटले की नांदेड.

कागदावरचा तालुका एकीकडे आणि खिशातला पैसा खर्च होतो ते शहर दुसरीकडे, ही स्थिती आजची नाही. या भागाचा इतिहास पाहिला तर राज्यकर्त्यांनी आखलेल्या सीमा आणि लोकांची ये-जा यांची दिशा अनेकदा वेगळी राहिलेली दिसते.

नावात दोन गावे कशी?

‘शिरड’ हे एक नाव, ‘शहापूर’ हे दुसरे. ‘शहा’ हा फारसी शब्द आणि ‘पूर’ संस्कृत. फारसी शब्दाला ‘पूर’ किंवा ‘आबाद’ जोडून तयार झालेली गावे दख्खनेत जागोजागी आहेत. सुलतानी राजवटीपासून निजामापर्यंतच्या शतकांत अशी नावे रूढ झाली. या नावातला शहा नेमका कोण, हे मात्र नावावरून सांगता येत नाही. आपल्याकडे ‘शहापूर’ नावाची गावे इतकी आहेत की केवळ नावावरून एखाद्या बादशहाशी नाते जोडणे म्हणजे हवेत बांधकाम करणे.

जोडनावाचा व्यवहारातला उपयोग सोपा असतो. नुसते ‘शहापूर’ म्हटले तर कोणते, असा प्रश्न येतो. ‘शिरड शहापूर’ म्हटले की गोंधळ संपतो. आजही काही ठिकाणी हे नाव तोडून, तर काही ठिकाणी ‘शिरडशहापूर’ असे जोडून लिहिले जाते. संगणकावर शोध घेणाऱ्याला ही एवढीशी मोकळी जागा महागात पडू शकते, कारण दोन्ही लेखने वेगळी धरली गेली तर अर्ध्या नोंदी समोरच येत नाहीत.

या परिसराचा सर्वात जुना धागा कोणता?

वाकाटक राजघराण्याच्या एका शाखेची राजधानी वत्सगुल्म, म्हणजे आजचे वाशीम. या शाखेतील राजा दुसरा विंध्यशक्ती याचा चौथ्या शतकातील ताम्रपट वाशीमला सापडला. त्यात दान दिलेले गाव ‘नांदीकड’च्या उत्तर मार्गात असल्याचे नोंदवले आहे. नांदीकड म्हणजे नांदेड, असे अभ्यासक मानतात.

या ताम्रपटात शिरड शहापूरचा उल्लेख नाही. पण त्यातून एक गोष्ट कळते. सोळाशे वर्षांपूर्वी नांदेडच्या उत्तरेकडचा मुलूख नांदेडच्याच नावाने ओळखला जात होता आणि त्याचा कारभार वाशीमहून चालत होता. नांदेड आणि वाशीम यांच्या मधला हा पट्टा तेव्हापासून दोन केंद्रांच्या मध्ये आहे. आज शिरड शहापूरचा विद्यार्थी नांदेडची बस पकडतो, तेव्हा तो बऱ्याच जुन्या वाटेने जात असतो.

त्यानंतरचा ठळक पुरावा औंढ्याचा. नागनाथ मंदिराचा शिल्पांनी भरलेला खालचा भाग यादवकालीन आहे, वरचा भाग नंतरचा. पुन्हा बांधल्याची ही खूण नुसत्या डोळ्यांनाही दिसते. संत नामदेवांना गुरू विसोबा खेचर याच ठिकाणी भेटले, अशी वारकरी परंपरा आहे. नामदेवांचे नरसी गावही याच जिल्ह्यात. मुघल काळात अबुल फज़लच्या ‘ऐन-ए-अकबरी’त वसमत आणि नांदेड हे दोन्ही परगणे वऱ्हाड सुभ्याच्या पाथरी सरकारात मोडतात. म्हणजे त्या काळी आजचे मराठवाडा आणि विदर्भ हे विभाजन इथे नव्हते.

मल्लिनाथांची मूर्ती गावात कशी आली?

मल्लिनाथ हे जैन परंपरेतील एकोणिसावे तीर्थंकर. शिरड शहापूरचे मंदिर दिगंबर जैन समाजाचे अतिशय क्षेत्र मानले जाते. ज्या स्थानाशी चमत्काराची श्रद्धा जोडलेली असते, त्याला ‘अतिशय क्षेत्र’ म्हणतात. दरवर्षी दूरदूरचे यात्रेकरू इथे येतात.

मंदिराच्या परंपरेनुसार ही मूर्ती तीनशेहून अधिक वर्षांपूर्वीची असून ती आधी नांदेडजवळच्या अर्धापूरला होती. निजामी अमलात मूर्तीला धोका आहे असे वाटल्याने ती वऱ्हाडातील कारंजा येथे हलवायचे ठरले. भट्टारक प्रेमानंद मूर्ती घोड्यावरून घेऊन निघाले, वाटेत शिरड शहापूरला मुक्काम पडला आणि मूर्ती इथेच राहिली.

ही कथा श्रद्धेची आहे. तिच्यातला चमत्कार तपासणे हे इतिहासाचे काम नाही, पण तिच्यातली ठिकाणे तपासता येतात. कारंजा हे दिगंबर भट्टारकांचे मोठे पीठ होते. बलात्कार गण आणि सेन गण या दोन्ही परंपरांच्या गाद्या तिथे होत्या. भट्टारक म्हणजे मठ, ग्रंथ आणि मूर्ती यांचा सांभाळ करणारे धर्मगुरू. मूर्ती सुरक्षित ठेवायची असेल तर कारंजाची निवड अगदी स्वाभाविक होती. अर्धापूर, वसमत, शिरड शहापूर, औंढा, हिंगोली, वाशीम, कारंजा हा रस्ताही नकाशावर जुळतो. शिरड शहापूर वाटेतले मुक्कामाचे गाव होते, एवढे ही कथा नक्की सांगते.

काळाचे गणित मात्र थोडे काटेकोर आहे. पहिल्या निजामाने १७२४ मध्ये साखरखेर्ड्याची लढाई जिंकून दख्खनेत आपली सत्ता बसवली. त्यामुळे ‘निजामाचा काळ’ आणि ‘तीनशेहून अधिक वर्षे’ या दोन्ही गोष्टी एकत्र बसवायच्या तर मूर्तीचा प्रवास निजामी अमलाच्या अगदी सुरुवातीला ठेवावा लागतो. किंवा मूर्तीचे वय आणि स्थलांतराचा काळ वेगवेगळे मानावे लागतात. परंपरा खोटी न ठरवताही तिला असे प्रश्न विचारता येतात.

निजामाच्या राजवटीत काय बदलले?

सर्वात मोठा बदल सीमेचा. १८५३ च्या तहाने निजामाने वऱ्हाड इंग्रजांकडे सोपवला. कारण होते हैदराबाद कंटिन्जंट या फौजेचा खर्च. याच फौजेची एक छावणी हिंगोलीला होती. या तहामुळे वाशीम आणि कारंजा इंग्रजी अमलात गेले, तर हिंगोली, औंढा, वसमत निजामाकडे राहिले. एकेकाळी सलग असलेल्या मुलखात पैनगंगेच्या आसपास दोन राज्यांची हद्द उभी राहिली. १९०२ च्या करारानंतर वऱ्हाड कायमच्या भाडेपट्ट्याने इंग्रजांकडे गेला आणि ही हद्द पक्की झाली.

हद्दीच्या अलीकडे हाली सिक्का, पलीकडे कलदार. साधारण सात हाली रुपये म्हणजे सहा कलदार, असा हिशेब चाले. सोयरीक वाशीमकडे आणि बाजार वसमतला असलेल्या घरांना हा हिशेब तोंडपाठ असणार.

दुसरा बदल कारभाराचा. सालारजंग यांच्या सुधारणांमध्ये १८६५ पासून जिल्हाबंदी झाली. हा भाग परभणी जिल्ह्यात आला आणि १९९९ पर्यंत तिथेच राहिला. वरच्या दप्तराची भाषा आधी फारसी आणि मग उर्दू झाली. गावपातळीवर पाटील-कुलकर्णी मात्र मराठी आणि मोडी वापरत राहिले. एकाच गावाची नोंद दोन लिपींत विभागली गेली. याचे परिणाम आज भोगावे लागत आहेत, त्याविषयी पुढे.

तिसरा बदल रेल्वेचा. हैदराबाद-मनमाड मार्ग विसाव्या शतकाच्या सुरुवातीला नांदेड, पूर्णा, परभणी असा सुरू झाला. १९१२ मध्ये पूर्णा-हिंगोली फाटा आला आणि वसमतला रेल्वे मिळाली. शिरड शहापूर रुळांवर नव्हते. रेल्वे ज्या गावातून जाते ते वाढते आणि शेजारचे गाव त्याचे पुरवठादार होते, हा नियम इथेही लागू पडला. वसमत मोठे झाले, शिरड शहापूर वसमतच्या बाजाराशी बांधले गेले. या मार्गाचे ब्रॉडगेज रूपांतर २००८ मध्ये झाले.

स्वातंत्र्य एक वर्ष उशिरा का?

देश १५ ऑगस्ट १९४७ रोजी स्वतंत्र झाला तेव्हा हा भाग निजामाच्या राज्यात होता. स्वामी रामानंद तीर्थ यांच्या नेतृत्वाखाली स्टेट काँग्रेसचा लढा सुरू होता, तर दुसरीकडे रझाकारांची दहशत होती. १३ ते १७ सप्टेंबर १९४८ या पाच दिवसांच्या पोलीस कारवाईनंतर हैदराबाद संस्थान भारतात आले. म्हणून मराठवाड्यात १७ सप्टेंबरला मुक्तिसंग्राम दिन साजरा होतो. वसमतच्या बहिर्जी स्मारक महाविद्यालयाचे नाव याच लढ्यातील हुतात्मा बहिर्जी शिंदे यांची आठवण ठेवते.

त्यानंतर पत्ता बदलत गेला, गाव तिथेच राहिले. १९४८ ते १९५६ हैदराबाद राज्य, १ नोव्हेंबर १९५६ पासून द्विभाषिक मुंबई राज्य, १ मे १९६० पासून महाराष्ट्र आणि १ मे १९९९ पासून परभणीऐवजी हिंगोली जिल्हा. निजामाच्या काळात जन्मलेल्या आणि १९९९ नंतरही हयात असलेल्या माणसाने एकाच घरात राहून तीन राज्ये आणि दोन जिल्हे पाहिले.

हळदीचे गाव कसे झाले?

पाण्यामुळे. पूर्णा नदीवर १९६० च्या दशकात येलदरी आणि त्याखाली सिद्धेश्वर ही धरणे झाली. सिद्धेश्वर औंढा तालुक्यातच आहे. पूर्णा प्रकल्पाच्या कालव्यांमुळे वसमत परिसरातील काळ्या जमिनीला पाणी मिळाले. ज्वारी आणि कापूस होताच. त्यांच्या जोडीला ऊस, केळी आणि हळद आली. वसमतला पूर्णा सहकारी साखर कारखाना उभा राहिला.

हळद हे धीराचे पीक आहे. मे-जूनमध्ये बेणे लावायचे आणि आठ-नऊ महिन्यांनी काढायचे. काढल्यावरही काम संपत नाही. शिजवणे, वाळवणे, पॉलिश करणे यात आणखी काही आठवडे जातात. पूर्वी कढईत शिजणारी हळद आता बहुतेक ठिकाणी वाफेच्या कुकरमध्ये शिजते. वाळत घातलेल्या हळदीवर अवकाळी पाऊस झाला की रंग जातो आणि रंगाबरोबर भावही. ऊस कारखान्याच्या तारखेवर अवलंबून, हळद आभाळावर.

हिंगोलीचे संत नामदेव हळद मार्केट आणि वसमतची बाजार समिती यांमुळे या पट्ट्याला राज्यभर ओळख मिळाली. २०२४ मध्ये ‘वसमत हळद’ला भौगोलिक मानांकन मिळाले. या मानांकनाचा अर्थ असा की ठरलेल्या क्षेत्रात पिकलेल्या आणि नोंदणी झालेल्या मालालाच ते नाव वापरता येते. इथेही प्रश्न पुन्हा जागेचा आणि नोंदीचाच आला. माल कुठल्या शिवारातला, हे कागदावर दाखवावे लागते.

नांदेडची ओढ किती?

नांदेडला १९९७ मध्ये महानगरपालिका झाली. त्याआधी १७ सप्टेंबर १९९४ रोजी स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ सुरू झाले. हिंगोली जिल्ह्यातील महाविद्यालये याच विद्यापीठाला जोडलेली आहेत. २००८ मध्ये गुरु-ता-गद्दी सोहळ्याच्या निमित्ताने शहरात मोठी कामे झाली.

मोठ्या शहराजवळच्या गावाला याचे फायदे कळतात आणि तोटेही. उपचार आणि शिक्षण जवळ येते. पण गावातली मुले शिकायला जातात आणि त्यातली बरीच तिथून पुढे पुणे किंवा हैदराबादला निघून जातात. गावात राहतात ती शेती सांभाळणारी आणि दुकान चालवणारी पिढी, आणि आठवणी सांगू शकतील असे म्हातारे लोक.

लिगोमुळे काय होणार?

औंढ्याजवळ दुधाळा परिसरात ‘लिगो-इंडिया’ ही गुरुत्वीय लहरी टिपणारी वेधशाळा उभारली जात आहे. केंद्र सरकारने फेब्रुवारी २०१६ मध्ये तत्त्वतः आणि ६ एप्रिल २०२३ रोजी अंतिम मंजुरी दिली. मंजूर खर्च सुमारे २,६०० कोटी रुपये.

वेधशाळेच्या काटकोनात असलेल्या दोन भुजा प्रत्येकी ४ किलोमीटर लांब असतील. त्यांतून लेझर किरण सोडले जातात. अवकाशात दोन कृष्णविवरांची टक्कर झाली की निघणाऱ्या लहरींमुळे या भुजांची लांबी प्रोटॉनच्या आकाराहूनही हजारो पटींनी कमी इतकी बदलते आणि ती मोजली जाते. अशा दोन वेधशाळा अमेरिकेत आहेत. भारतातील वेधशाळा जोडली गेल्यावर लहर आकाशाच्या कोणत्या भागातून आली, हे अधिक अचूक कळेल.

अशा यंत्राला शांत जमीन लागते. रेल्वे, मोठे कारखाने आणि गजबजलेली शहरे जवळ नसणे ही औंढा परिसराची जमेची बाजू ठरली. ज्या गोष्टींच्या अभावाला आपण मागासलेपण म्हणत आलो, तीच इथे पात्रता ठरली, हे लक्षात घेण्यासारखे आहे. जमीन पूर्ण स्तब्ध आहे असे मात्र नाही. २१ मार्च २०२४ रोजी सकाळी हिंगोली जिल्ह्यात पाठोपाठ दोन भूकंपाचे धक्के बसले. १० जुलै २०२४ रोजी ४.५ तीव्रतेचा आणखी एक धक्का बसला. औंढा, वसमत, कळमनुरी तालुक्यांतील लोकांना जमिनीतून येणारे गूढ आवाज नवे नाहीत. यंत्राला असे धक्के वेगळे काढता येतात. मातीच्या भिंतींच्या घरांचे तसे नसते.

जुने कागद आता इतके महत्त्वाचे का झाले?

सप्टेंबर २०२३ मध्ये राज्य सरकारने मराठवाड्यातील निजामकालीन नोंदींमध्ये ‘कुणबी’ उल्लेख शोधण्यासाठी निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली. २ सप्टेंबर २०२५ रोजी हैदराबाद गॅझेटियरमधील नोंदींचा आधार घेण्याबाबत शासन निर्णय निघाला. गावपातळीवर ग्राम महसूल अधिकारी, ग्रामपंचायत अधिकारी आणि सहायक कृषी अधिकारी यांची चौकशी समिती ठरली. जमिनीचा पुरावा नसलेल्यांना १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीपासून आपले पूर्वज त्या परिसरात राहत असल्याचे प्रतिज्ञापत्र देण्याची सोय झाली. ओबीसी संघटनांनी या निर्णयावर आक्षेप घेतले आणि प्रकरण उच्च न्यायालयातही गेले.

निर्णय योग्य की अयोग्य, यावर मतभेद आहेत आणि राहतील. पण दोन्ही बाजूंना एकच गोष्ट लागते, ती म्हणजे वाचता येणारी नोंद. आणि अडचण इथेच आहे.

उर्दू लिपीत ऱ्हस्व स्वरांची चिन्हे सहसा लिहीत नाहीत. त्यामुळे ‘शिरड’ हे नाव जाणकार नसेल तर ‘शरड’ असेही वाचले जाऊ शकते. मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळला जात नाही आणि शब्द सलग लिहिले जातात. त्यामुळे गाव कुठे संपले आणि माणसाचे नाव कुठे सुरू झाले, हे सरावानेच कळते. शिवाय तारखा फसली सनात असतात. या भागातील फसली सनात ५९० मिळवले की साधारण इसवी सन मिळतो. उदाहरणार्थ, १३५८ फसली म्हणजे १९४८-४९. एका वर्षाचा फरक पडला तर पणजोबांची नोंद आजोबांच्या नावावर शोधण्याची वेळ येते.

गावाचा इतिहास शोधायचा तर सुरुवात कुठून?

कोणत्याही गावाला लागू पडेल असा क्रम असा आहे.

पहिला टप्पा महसूल दप्तर : खासरा पत्रक, पाहणी पत्रक, कुळ नोंदवही आणि जुना सातबारा. मराठवाड्यात १९५०च्या दशकातील खासरा पत्रक हा जमिनीचा पायाचा कागद मानला जातो. या नोंदी तहसील आणि भूमी अभिलेख कार्यालयात मागता येतात.

दुसरा टप्पा शाळा आणि जन्म-मृत्यूच्या नोंदी : प्रवेश निर्गम उतारा आणि गाव नमुना १४. शाळेच्या रजिस्टरमधून कोणत्या वर्षी कोणत्या वस्तीतली मुले शिकू लागली, मुली कधी आल्या, हेही कळते.

तिसरा टप्पा छापील साधने : १८८० च्या दशकातील निजाम राज्याचे वर्णन, १९०९ चे इम्पिरियल गॅझेटियरचे हैदराबाद खंड आणि महाराष्ट्र शासनाचे परभणी जिल्हा गॅझेटियर. यांत बहुतेक माहिती जिल्हा आणि तालुका पातळीची असते. एखाद्या घराण्याचे नाव त्यात सापडेल ही अपेक्षा ठेवू नये.

चौथा टप्पा दगड आणि आठवणी : मंदिर, मशीद, बारव, वीरगळ, समाध्या, मूर्तींच्या पीठावरील लेख. जैन मूर्तींच्या पीठावर अनेकदा संवत, भट्टारकांचे नाव आणि दात्याचे नाव कोरलेले असते. फोटो काढताना बाजूला मोजपट्टी ठेवावी आणि तारीख लिहून ठेवावी. म्हाताऱ्या माणसांशी बोलणे मोबाइलवर ध्वनिमुद्रित करावे, अर्थात त्यांना विचारून.

यातले बरेच काम करायला पदवी लागत नाही. लागतो तो वेळ, आणि वेळ कमी उरला आहे. निजामी काळ पाहिलेली माणसे आता नव्वदीच्या घरात आहेत. उर्दू दप्तर आणि मोडी दोन्ही वाचणारे गावोगाव कमी होत चालले आहेत. कागदही ओल आणि वाळवीची वाट पाहत नाही.

शिरड शहापूरच्या वाट्याला ताम्रपट आला नाही. आला तो रस्ता, मुक्कामाला थांबलेली मूर्ती, मधेच ओढलेली हद्द, उशिरा आलेला कालवा आणि आता शेजारी उभी राहणारी वेधशाळा. यातली प्रत्येक गोष्ट कुठल्या ना कुठल्या नोंदवहीत आहे. ती वहीच कुणाला वाचता आली नाही, तर गावाचा इतिहास ठरवण्याचा अधिकार आपोआप व्हॉट्सअॅपवर सर्वात मोठ्या आवाजात सांगणाऱ्याकडे जाईल.